वेबच्या पसाऱ्याला ड्युईचे आकडे : सव्वादोन वर्षं वापरून पाहिल्यावर

मी विज्ञानविषयक मजकुराचं संपादन करते. लेखकाने केलेलं प्रत्येक विधान पडताळायचं, म्हणजे दिवसभर वेबवर हिंडायचं आणि कामाचं पान सापडलं की बुकमार्क करून ठेवायचं. बारा वर्षं हे चाललं. शेवटी मोजले तेव्हा ३,८१२ बुकमार्क भरले, आणि त्यांतला हवा तो हव्या वेळी सापडेनासा झाला होता.

फोल्डर करून झाले होते, टॅग करून झाले होते. फोल्डरचं नाव त्या दिवशीच्या कामावरून सुचतं: ‘धूमकेतूचा लेख’, ‘नवीन पुस्तक’, ‘बघायचंय’. काम संपलं की ते नाव आपल्यालाच ओळखू येत नाही. टॅगांचं दुखणं वेगळं. एकाच विषयाला मी वेगवेगळ्या वर्षी ‘खगोल’, ‘खगोलशास्त्र’, ‘अवकाश’ आणि ‘ग्रहतारे’ अशी चार नावं दिली होती. कुठलंही एक शोधलं तर पाव साठाच हाती लागायचा. त्यात मी ज्या बुकमार्क-सेवेवर विसंबून होते तिने महिनाभराची मुदत देऊन गाशा गुंडाळला. उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये पत्ते होते, तारखा होत्या, पण फोल्डरांची सगळी उतरंड सपाट झाली होती. बारा वर्षांची मांडणी परक्याच्या घरात केली होती हे त्या दिवशी कळलं. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

मग ठरवलं की ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवर जो वर्गांक असतो तोच आपल्या पानांना द्यायचा. त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. कुणी हा उद्योग करायच्या विचारात असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

मी निवडलं ते ड्युई दशांश वर्गीकरण, मेल्विल ड्युई या अमेरिकी ग्रंथपालाने केलेलं. १८७६ साली ते पहिल्यांदा छापलं तेव्हा ४४ पानांची पुस्तिका होती. २०११ सालची तेविसावी आवृत्ती चार खंडांची आहे. पाया मात्र तोच राहिला: सगळं ज्ञान दहा वर्गांत, प्रत्येक वर्गाचे दहा विभाग, प्रत्येक विभागाचे पुन्हा दहा. ५०० विज्ञान, ५२० खगोलशास्त्र, ५२३ मध्ये ग्रह-तारे वगैरे एकेक वस्तू, आणि टिंबानंतर ५२३.४ ग्रह, ५२३.४६ शनी. विषय जितका बारीक तितका आकडा लांब. चार खंड पाठ करायची काही गरज पडत नाही. पहिल्या हजार शीर्षकांचा गोषवारा उघडपणे बघायला मिळतो आणि रोजच्या कामाला बऱ्याच वेळा तेवढा पुरतो.

पद्धत अगदी साधी ठेवली. वर्गांक बुकमार्कच्या नावातच, सुरुवातीला. ‘५२३.४६ शनीची कडी, मोजमापांसह’ असं. वेगळं सॉफ्टवेअर नाही, वेगळा रकाना नाही. नाव जिथे जाईल तिथे आकडा बरोबर जातो. उद्या ब्राउझर बदलला किंवा आणखी एखादी सेवा बंद पडली तरी मांडणी शाबूत राहते. पहिल्याच फटक्यानंतर मला हेच हवं होतं.

इथे ड्युईची एक खुबी लक्षात आली, ती पुस्तकांच्या बाबतीत कुणी फारशी बोलत नाही. टिंबाच्या आधी नेहमी तीन अंक असतातच, कमी नाहीत की जास्त नाहीत. ग्रंथालयशास्त्राचा वर्गांक सुद्धा २५ असा नसतो, ०२५ असतो. त्यामुळे ब्राउझरला ‘नावाप्रमाणे लाव’ म्हटलं की तो डावीकडून एकेक अक्षर जुळवत जातो आणि यादी आपोआप कपाटासारखी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, वर्गीकरणात हे जमत नाही. त्यात अक्षरांनंतर पूर्णांक येतात, म्हणून क्यूए७६ हा क्यूए९च्या आधी जाऊन बसतो. अर्थात ड्युईलाही एक खोट आहे. फाइल दाखवणारे काही प्रोग्रॅम आकड्यांची ‘किंमत’ बघून क्रम लावतात. त्यांना ५२३.४६ मधला ४६ हा ५२३.५ मधल्या ५ पेक्षा मोठा वाटतो आणि दशांशाचा क्रम उलटा होतो. बुकमार्कमध्ये मला हा त्रास झाला नाही, उतरवून ठेवलेल्या पीडीएफमध्ये झाला. आणखी एक गोष्ट आपल्यासाठी: पहिल्या आठवड्यात मी काही वर्गांक देवनागरी अंकांत लिहिले आणि काही इंग्रजी अंकांत. यादी दोन तुकड्यांत फाटली, एकच विषय वर एकदा आणि खाली एकदा. कुठलेही अंक घ्या, पण पहिल्या दिवसापासून एकच घ्या.

हजार शीर्षकांच्या पुढचा बारीक आकडा कुठून आणायचा, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. ड्युईचे पूर्ण तक्ते ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचे आहेत (१९८८ पासून) आणि ‘वेबड्युई’ला, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन आवृत्तीला, वर्गणी भरावी लागते. एकट्या माणसाने ती भरावी असं मला वाटत नाही, कारण दुसरी वाट आहे. आपल्या पानाच्या विषयावरचं एखादं पुस्तक आठवायचं, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कॅटलॉगमध्ये ते शोधायचं आणि नोंद ‘मार्क’ स्वरूपात (ग्रंथालयांच्या नोंदींचा संगणकासाठीचा साचा) उघडायची. पुष्कळ नोंदींमध्ये ०८२ क्रमांकाचं क्षेत्र असतं. त्यात त्या पुस्तकाचा ड्युई वर्गांक तयार मिळतो. जाणत्या वर्गीकारांनी पुस्तक हातात घेऊन ठरवलेला आकडा. त्यात कधीकधी मधेच तिरकी रेघ दिसते, जशी ३६३.७३८/७४. मी सुरुवातीला ती छपाईची चूक समजले होते. ती खूण असते: ग्रंथालय लहान असेल तर आकडा इथे तोडा. माझं ‘ग्रंथालय’ लहानच, म्हणून मी बहुतेक वेळा रेघेशी थांबते. हा सल्ला मी प्रत्येकाला देईन. लांब आकड्याचा मोह होतो, आपण फार काटेकोर काम करतो आहोत असं वाटतं, पण ज्या फळीवर तीनच पानं आहेत तिचे आणखी तुकडे करून काही साधत नाही.

आता प्रत्यक्ष वापर कसा वाटतो ते सांगते. त्सुनामीवरची माझ्याकडे अकरा पानं होती. टॅगांच्या काळात ती सगळी ‘त्सुनामी’ या एका नावाखाली होती आणि मला ती मांडणी बरी वाटत होती. ड्युई लावायला बसले तेव्हा त्यांची फाटाफूट झाली. समुद्राच्या तळाची उलथापालथ होऊन लाट कशी उठते, खोल पाण्यात ती वेगाने आणि किनाऱ्याशी उंच का होते, हे समजावणारी पाच पानं ५५१.४६ मध्ये गेली, समुद्रविज्ञानात. भूकंपाच्या नोंदींची दोन ५५१.२२ मध्ये. इशारा देण्याची यंत्रणा आणि लोकांना हलवण्याच्या योजना यांची चार पानं तर थेट ३६३.३४ मध्ये गेली, म्हणजे सामाजिक शास्त्रांत, आपत्ती-निवारणाच्या शेजारी. पहिल्या दिवशी याचा रागच आला. एकत्र असलेलं कुटुंब मी हाताने तोडलं असं वाटलं.

ड्युईचा मुळातला नियमच तसा आहे. तो विषयाच्या नावाला घर देत नाही, ज्ञानशाखेला देतो. त्सुनामीकडे भौतिकी बघते तेव्हा ती एका घरात असते, प्रशासन बघतं तेव्हा दुसऱ्या. दोन आठवडे गेल्यावर याचा फायदा कामात दिसला. एका लेखात ‘त्सुनामीची लाट खोल समुद्रात उंच असते’ असं वाक्य आलं आणि मी ५५१.४६ उघडलं. समोर लाटांची पानं होती, भरती-ओहोटीची होती, प्रवाहांची होती. म्हणजे त्या वाक्याची तपासणी करायला लागणारी सगळी मंडळी, आणि नेमकी तीच. इशाऱ्याच्या यंत्रणेची चार पानं तिथे असती तर ती मला बाजूला सारावी लागली असती. पूर्वी एका नावाखाली असलेली अकरा पानं मी दर वेळी अकराही उघडत होते.

मग तुटलेलं कुटुंब जोडायचं कसं? त्यालाही ड्युईचंच उत्तर आहे आणि ते पहिल्या आवृत्तीपासून आहे: सापेक्ष निर्देशी. तक्त्यात शाखा वेगळ्या, पण मागच्या निर्देशीत ‘त्सुनामी’ एकदाच, आणि तिच्याखाली ती कुठे कुठे विखुरली आहे त्याचे आकडे. मी एक साधी मजकुराची फाइल केली. ‘अक्षरवळण’, ‘उल्का’, ‘ऊर्जा’ अशा क्रमाने शब्द, समोर वर्गांक. सव्वादोन वर्षांत ती ६४० ओळींची झाली आहे. मनापासून सांगते, ही फाइल नसती तर मी दोन महिन्यांत हे सोडून दिलं असतं. वेबवर ड्युई लावून बघणारे बरेच जण निर्देशी करत नाहीत, आणि मग म्हणतात की आकडे लक्षात राहत नाहीत. ग्रंथालयातही ते कुणाच्या लक्षात नसतात. तिथे निर्देशी असते आणि ग्रंथपाल असतो.

सगळ्यात जास्त वेळ मला एका अक्षरवळणाच्या पानाने घ्यायला लावला. त्यावर छपाईच्या जुन्या खिळ्यांच्या छापांचे मोठे केलेले फोटो होते, शेजारी त्याच अक्षरांची हाताने काढलेली वळणं, आणि खाली त्यांवरून केलेल्या संगणकीय टंकाचा नमुना. मी वर्षभरापूर्वी ते ‘फॉन्ट’ म्हणून साठवून ठेवलं होतं. आता तीन दारं समोर होती: ४११, लिपी आणि लेखनपद्धती, ६८६.२२, मुद्रणाची अक्षरजुळणी आणि टंकरचना, ७४५.६१, सुलेखन. कुठलं? ठरवण्यासाठी पान शेवटपर्यंत वाचावं लागलं. वरचे फोटो बघून सुलेखन वाटत होतं, पण मजकूर वाचला तर प्रत्येक परिच्छेद एकाच प्रश्नाभोवती फिरत होता: हाताच्या वळणातला जाड-बारीकपणा धातूच्या खिळ्यात उतरवताना कारागिरांनी काय गाळलं. म्हणजे पान मुद्रणाचं होतं, सुलेखन त्यात साक्षीला आलं होतं. ६८६.२२.

यात वीस मिनिटं गेली. पण त्या वीस मिनिटांनंतर ते पान मला जसं कळलं तसं आधी कळलं नव्हतं; आधी मी ते नुसतं साठवलं होतं. ड्युईकडून मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. शोधून काढण्याचं काम शोधयंत्र उत्तम करतं, त्याच्याशी स्पर्धा करायची नाही. पण ‘हे पान नेमकं कशाबद्दल आहे?’ हा प्रश्न शोधयंत्र मला विचारत नाही. टॅगही विचारत नाही, कारण टॅग हवे तितके लावता येतात आणि निवड टळते. ड्युई एकच जागा देतो. वेबवर फळी नसते, एक दुवा दहा ठिकाणी ठेवता येतो, मग एकाच जागेचा हट्ट कशाला, असा आक्षेप रास्त आहे. तरी मी हट्ट धरला, कारण एकच जागा असली की वाचावंच लागतं.

हट्ट निभावायला नियमही तयार आहेत आणि ते फार समजूतदार आहेत. एका विषयाचा दुसऱ्यावर परिणाम दाखवला असेल तर ज्याच्यावर परिणाम झाला त्याच्या घरी जा. शिकवण्यात संगणकाचा वापर हे पान संगणकाच्या ००४ मध्ये जात नाही, शिक्षणात जातं, ३७१.३३४. दोन विषय सारख्या तोलाचे असतील तर ज्याचा आकडा आधी येतो तो घ्या. एकाच मोठ्या विषयाच्या तीन किंवा जास्त पोटविषयांवर पान असेल तर त्यांच्या वरच्या आकड्यावर चढा. माझ्या अडलेल्या दुव्यांपैकी बहुतेक या तीन वाक्यांनी सुटले.

शेजाराबद्दल दोन शब्द. नवं पान फळीवर ठेवताना डावी-उजवीकडे जुनी दिसतात, आणि त्यांतली कित्येक मी विसरलेली असतात. उल्कांचं एक पान ५२३.५ वर ठेवायला गेले तर तिथे सहा वर्षांपूर्वीचं, त्याच उल्कावर्षावाच्या निरीक्षणांचं पान आधीच बसलेलं. त्यातला एक आकडा नव्या पानाशी जुळत नव्हता. मी लेखकाला कळवलं, त्याने मूळ निबंध काढून बघितला आणि दुरुस्ती केली. शोधायला गेले असते तर ते जुनं पान मी शोधलंच नसतं, कारण ते माझ्याकडे आहे हेच मला आठवत नव्हतं.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

पहिली गर्दीची. १८७६ साली संगणक नव्हता. तो आल्यावर आधी ००१.६ मध्ये कोंबला गेला, मग १९८५ साली ००४, ००५, ००६ अशा तीन मोकळ्या आकड्यांत त्याची सोय केली. पुस्तकांच्या कपाटात ती पुरेशी असेल, वेबवर ती अपुरी पडते. माझ्या निम्म्याहून थोडी कमी पानं या तीन आकड्यांत येऊन थडकली. यंत्र-शिक्षण ००६.३१, माहितीची सुरक्षा ००५.८, इंटरनेट ००४.६७८; आणि खुद्द वर्ल्ड वाइड वेब बघाल तर संगणकात नाहीच, ग्रंथालयशास्त्रात आहे, ०२५.०४२. तिथे जरा शोधावंच लागतं. संगणकाच्या क्षेत्रातच काम करणाऱ्याने ड्युई घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं सगळं जग तीन आकड्यांत मावेल आणि बाकीचे ९९७ रिकामे राहतील.

दुसरी तक्रार जास्त जिव्हारी लागणारी आहे. धर्माच्या २०० ते २९९ या शंभर आकड्यांत २२० ते २८९ ख्रिस्ती धर्म आणि बायबल, आणि बाकी सगळे धर्म उरलेल्या २९० च्या दहात. हिंदू २९४.५, बौद्ध २९४.३, जैन २९४.४, इस्लाम २९७. मराठी साहित्य ८९१.४६, म्हणजे इंग्रजीला ८२० चं अख्खं घर आणि आपल्याला टिंबापलीकडची खोली. ही त्या काळाची, त्या समाजाची नजर आहे, आणि आकड्यांतून ती आजही दिसते. मी हे आकडे वापरते, पण ते लिहिताना दर वेळी खटकतं. आकड्याची लांबी ही विषयाची प्रतिष्ठा नव्हे हे डोक्याला कळतं, तरी डोळ्याला ती लांबी दिसतेच.

हवामान-बदलासारखे नवे विषय तर इतके पसरतात की निर्देशीसुद्धा दमते. हवामानशास्त्र ५५१.६, हरितगृह वायूंचा सामाजिक प्रश्न ३६३.७३८७४, ऊर्जा आणि शेती आणखी कुठे. पुस्तक निदान एका लेखकाचं एक म्हणणं असतं. वेबवर एकाच पत्त्यावर नकाशा, आकडेवारी, बातमी आणि मुलाखत असं सगळं असतं, आणि पुढच्या महिन्यात ते बदललेलं असतं. आकडेवारीच्या तक्त्यांना, कोशांना, नियतकालिकांना ड्युईत सामान्य उपविभाग आहेत (कोशाला ०३, नियतकालिकाला ०५, इतिहासाला ०९), ते मूळ आकड्याला जोडून पुष्कळ काम होतं. पण एखादं गणनयंत्र, एखादा हलता आराखडा, लोकांची चालू असलेली चर्चा, यांना काही स्वरूप-क्रमांक मिळत नाही. त्यांच्यासाठी मी आकड्यानंतर ‘साधन’, ‘चर्चा’ असे शब्दच लिहिते.

इतर पद्धतीही वापरून पाहिल्या, थोडक्यात सांगते. यूडीसी (युनिव्हर्सल डेसिमल क्लासिफिकेशन), म्हणजे ओत्ले आणि ला फोंतेन या बेल्जियन संदर्भसूचीकारांनी ड्युईवरूनच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी केलेली पद्धत, विचाराने मला जास्त आवडते. दोन विषय द्विबिंदूने जोडता येतात: ३७ शिक्षण, ००४ संगणक, म्हणून ३७:००४. निवड टाळून नातं लिहिता येतं. तिचा सुमारे २,६०० वर्गांचा गोषवारा अनेक भाषांत मोफत खुला आहे, ही फार मोठी गोष्ट. पण द्विबिंदू, तिरकी रेघ, अवतरणचिन्ह ही तिची मुख्य हत्यारं विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालतच नाहीत, आणि चिन्हांचा तिने ठरवलेला क्रम संगणकाच्या क्रमाशी जुळत नाही. ग्रंथालयातल्या कागदी कार्डांसाठी सुंदर, माझ्या कामाला अडचणीची.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं द्विबिंदू वर्गीकरण (१९३३) मी आकड्यांसाठी नाही वापरलं, विचारासाठी वापरलं, आणि त्याचे माझ्यावर उपकार आहेत. तयार खोक्यात विषय बसवण्यापेक्षा त्याचे पैलू सुटे करा आणि मेकॅनो या खेळण्याच्या पट्ट्यांसारखे जोडा, अशी त्यांची दृष्टी. पैलू पाच: व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, स्थळ, काळ. मी टॅग सोडले नव्हते, पण आता हे पाचच प्रश्न विचारून लावते. कशाबद्दल, कोणत्या पदार्थाबद्दल किंवा गुणाबद्दल, काय केलं, कुठे, कधी. ‘हिमनदी, बर्फाची जाडी, मोजणी, अंटार्क्टिका, विसावं शतक’. चार नावांचा जुना गोंधळ मिटला, कारण प्रत्येक शब्दाला आता बसायची जागा ठरलेली आहे. एखाद्या संकेतस्थळावर डाव्या बाजूला रंग, आकार, वर्ष अशा चाळण्या लावून यादी बारीक करत जातो ना, ते याच विचाराचं चालतं रूप आहे. आकडा ड्युईचा आणि टॅग रंगनाथनांचे, या जोडीवर मी स्थिरावले.

हे कुणी पहिल्यांदा करतं आहे असं नाही. वेब लहान असताना, १९९० च्या दशकात, ग्रंथपालांनी हे मोठ्या प्रमाणावर केलं होतं. निवडक पानांच्या सूची वेबवर चालवत होते ते असे: स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या ‘बबल’ने ड्युई लावला, ब्रिस्टलहून चालणाऱ्या सामाजिक शास्त्रांच्या ‘सोसिग’ने यूडीसी, आयोवा स्टेट विद्यापीठाच्या ‘सायबरस्टॅक्स’ने लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत. माणसं एकेक पान वाचून, पारखून, वर्णन लिहून ठेवत होती. ‘बबल’ची भर २०११ मध्ये थांबली. त्याच वर्षी ‘सोसिग’चा वारसा चालवणारी ‘इन्ट्यूट’ बंद झाली. स्वतःची उतरंड रचणारी याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस गेली आणि स्वयंसेवकांची डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. पानं वाढण्याचा वेग आणि माणसाच्या वाचनाचा वेग यांचा मेळ बसणं शक्यच नव्हतं. त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. सगळ्या वेबसाठी ते अशक्य होतं, पण एका माणसाच्या कामाच्या वेबसाठी शक्य आहे, आणि याहूची उतरंड तिच्या निर्देशिकेबरोबर गेली तशी ड्युईची कुठल्या एका संकेतस्थळाबरोबर गेली नाही.

मेहनतीचा हिशेब असा. एका बैठकीत पंधरा-वीस दुव्यांपेक्षा जास्त होत नाहीत. पुढे डोळे वाचतात पण डोकं वाचत नाही. ३,८१२ पैकी ७०५ पानं उघडलीच नाहीत. त्यांतली जी महत्त्वाची आठवली ती इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (तिथे पानांच्या जुन्या प्रती जपून ठेवतात) शोधून तो पत्ता जोडला. सुमारे १,२०० मी स्वतः काढून टाकली, कारण वर्गांक देताना कळलं की त्यांत सांगण्यासारखं काही नव्हतं. उरलेल्यांना आकडे मिळायला अकरा महिने लागले. आता रोज येणाऱ्या तीन-चार पानांना पाच मिनिटं पुरतात. ज्याच्याकडे दोनशे-तीनशे दुवे आहेत त्याने हे करू नये, साधे फोल्डर पुरेत. ज्याचं काम अनेक शाखांत हिंडण्याचं आहे, शिकवण्याचं, लिहिण्याचं, तपासण्याचं, त्याने जरूर करावं.

गेल्या महिन्यात एक अनपेक्षित फळ मिळालं. माझी एक मैत्रीण प्राण्यांवर लिहिते. माझं बघून तिनेही आकडे लावायला घेतले होते. आम्ही दोघींच्या याद्या एका फाइलमध्ये टाकल्या, क्रम लावला, आणि एका संध्याकाळीत त्या एकमेकींत मिसळल्या. आमचे फोल्डर कधीच मिसळले नसते. तिच्या ‘मांजरं’चा आणि माझ्या ‘सस्तन’चा काही संबंध नव्हता. फरक दिसले तेही कामाचे होते. तिने मांजरांची सगळी पानं ६३६.८ मध्ये ठेवली होती, पाळीव प्राण्यांत. माझी ५९९.७५ मध्ये, प्राणिशास्त्रात. एकेक पान उघडून बघितलं, तिची चार माझ्याकडे आली आणि माझी दोन तिच्याकडे गेली.

एका पानावर मात्र अडलो होतो. त्यावर पक्ष्यांचे आवाज आहेत, प्रत्येकासोबत ध्वनीचा आलेख. मी ५९८ म्हणत होते, पक्षी. ती म्हणाली, ‘अगं, खाली तरी जा.’ खाली बेडूक होते, आणि त्याखाली वटवाघळं. तीन प्राणी, म्हणजे वरच्या आकड्यावर चढायचं: ५९१.५९४, प्राण्यांचं आवाजातून चालणारं संभाषण. आकडा टाकला आणि यादी पुन्हा लावली. शेजारी तिचंच एक पान येऊन बसलं, पाण्याखालचे प्राणी आवाज कसे काढतात आणि ऐकतात त्याचं. ते मी कधी बघितलं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघींनी ते फोनवर बोलत बोलत शेवटपर्यंत वाचलं.